बारा मिनिटे, दोन मुले आणि एक खिडकी

गेल्या पावसाळ्यात आमच्या हॉलमध्ये मुलांना एक लघुचित्रपट दाखवायचे ठरले. पडदा बांधला, प्रोजेक्टर लावला, खुर्च्या मांडून झाल्या. चित्रपट सुरू झाला आणि स्पीकरमधून आवाजच येईना. मागे उभे असलेले एक काका म्हणाले, "असू दे रे, त्यात कोणी बोलतच नाही. चालू राहू दे." आम्हीही तसेच चालू ठेवले. थोडा वेळ गेला. पडद्यावर खेळण्यांच्या पसाऱ्यात रमलेला मुलगा एकदम थांबतो आणि खिडकीकडे जातो. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, "सर, तो मध्येच खिडकीकडे का गेला?"

प्रश्न अगदी बरोबर होता. तो गेला, कारण त्याला बाहेरून बासरी ऐकू आली. आम्हाला मात्र ती ऐकू आली नव्हती. कोणाचा तरी पाय लागून वायर सुटली होती. ती जोडली आणि चित्रपट पुन्हा पहिल्यापासून लावला. या वेळी बासरी वाजली तेव्हा पडद्यावरच्या मुलाबरोबर हॉलमधल्या पाच-सहा मुलांनीही माना वळवल्या. ज्या चित्रपटात कोणी बोलत नाही त्याला आवाजाची गरज नाही, हा आम्हा मोठ्यांचा समज त्या मुलीने एका प्रश्नात मोडून काढला.

वाचकहो, आज त्याच चित्रपटाचा थोडा अभ्यास करू या. आपल्या घरात चित्रपट पुष्कळ पाहिले जातात. गोष्ट आवडली की नाही, नट चांगला होता की नाही, एवढे बोलून आपण उठतो. गोष्ट आपल्यापर्यंत कशी पोहोचवली गेली आणि त्यासाठी आपल्याला कोठे बसवले गेले, हे सहसा विचारत नाही. लघुचित्रपट हा प्रश्न विचारायला सोयीचा असतो. तो लहान असतो, लगेच पुन्हा पाहता येतो, आणि त्यात एकही दृश्य फुकट घालवायला दिग्दर्शकाकडे वेळ नसतो.

हा चित्रपट म्हणजे सत्यजित राय यांचा 'टू', अर्थात 'दोन'. साल १९६४. कृष्णधवल, लांबी सुमारे बारा मिनिटे. 'पथेर पांचाली' (१९५५) पासून रायबाबूंचे नाव जगभर झाले होते. 'एस्सो वर्ल्ड थिएटर' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेसाठी भारतातून तीन लघुपट हवे होते. त्यांतला एक पंडित रविशंकर यांच्यावर होता, दुसरा मुंबईच्या एका नृत्यनाट्य मंडळीवर आणि तिसरा रायबाबूंचा. (एस्सोचे पेट्रोल पंप आपल्याकडच्या जुन्या माणसांना आठवत असतील. १९७४ मध्ये सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली आणि तिची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली.) मागणी अशी होती की चित्रपट बंगालमध्ये घडावा, पण भाषा इंग्रजी असावी. बंगालमधली मुले आपसांत इंग्रजी बोलताना दाखवणे म्हणजे खोटेपणाच झाला असता. रायबाबूंना जुन्या मूकपटांचे प्रेम होते. त्यांनी संवादच ठेवले नाहीत. अडचणीतून काढलेली ही वाट चित्रपटाचे मोठे बळ ठरली.

आता गोष्ट. एका श्रीमंत घरातला मुलगा, सात-आठ वर्षांचा वाटावा असा. डोक्यावर मिकी माऊसचे कान, हातात शीतपेयाची बाटली. खोलीभर खेळणी, फुगे, ठोकळ्यांचा मनोरा, चालणारा यंत्रमानव. सगळे काही आहे, पण त्याच्याशी बोलायला कोणी नाही. चित्रपटभर एकही मोठे माणूस त्याच्याशी खेळायला येत नाही. तो एक खेळणे घेतो, सोडतो, दुसरे घेतो. कंटाळलेले मूल कसे वागते हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही खोली लगेच ओळखीची वाटेल.

तेवढ्यात बासरी ऐकू येते. तो खिडकीतून पाहतो. खाली मोकळ्या जागेत एक झोपडी आहे आणि तिच्याजवळ त्याच्याच वयाचा एक गरीब मुलगा बासरी वाजवतो आहे. वरचा मुलगा आपली खेळण्यातली पिपाणी आणतो आणि जोरात फुंकतो. खालचा मुलगा आत जाऊन छोटे ढोलके घेऊन येतो. वरचा ढोल वाजवणारे यंत्राचे माकड दाखवतो. खालचा घरी बनवलेला मुखवटा घालून येतो. वरच्याकडे मुखवट्यांचा ढीग आहे, राक्षसाचा मुखवटासुद्धा. तो एकामागून एक मुखवटे चढवतो, हत्यारे काढतो, काउबॉय होतो. खालचा हिरमुसला होऊन झोपडीत निघून जातो. वरचा खूश होऊन आपल्या खेळण्यांकडे वळतो.

येथे गोष्ट संपली असती तर ती एक साधी फुशारकीची गंमत झाली असती. पण खिडकीतून त्याला आकाशात पतंग दिसतो. त्याची नजर दोरीवरून खाली उतरत जाते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला तोच मुलगा! पतंगाला उत्तर देईल असे एकही खेळणे त्या खोलीत नाही. वरचा मुलगा बेचकी काढून पतंगावर नेम धरतो. नेम चुकतो. मग तो छर्‍याची बंदूक आणतो. या वेळी पतंग फाटून खाली येतो. खालच्या मुलाच्या हाती फाटका कागद आणि काड्या राहतात.

वरचा मुलगा विजयी होऊन परततो आणि सगळी खेळणी एकदम चालू करतो. खोली गोंगाटाने भरते. आणि त्या गोंगाटातून पुन्हा तीच बासरी ऐकू येते. मुलगा बसून राहतो. त्याचा यंत्रमानव चालत जातो आणि ठोकळ्यांचा मनोरा पाडतो. चित्रपट संपतो.

आधी गोष्टीची बांधणी पाहू. वरवर पाहता ही चढाओढ आहे: एकाने काही दाखवायचे, दुसऱ्याने त्याहून मोठे दाखवायचे. लहान मुलांच्या भांडणाचा हाच नियम असतो. "माझ्याकडे हे आहे." "माझ्याकडे त्याच्याहून भारी आहे." अशी गोष्ट रचताना प्रत्येक पायरी मागच्या पायरीपेक्षा वर न्यावी लागते, नाहीतर प्रेक्षक कंटाळतो. येथे पहिली पायरी नुसत्या आवाजाची आहे, दुसरी ढोलाची, तिसरी मुखवट्यांची आणि धाक दाखवण्याची. चौथी आकाशात जाते. तिथे वरच्या मुलाची खेळणी संपतात आणि हत्यार सुरू होते. खेळाचे भांडण कधी झाले ते आपल्याला कळतही नाही, इतक्या लहान पायऱ्या त्यांनी बांधल्या आहेत.

मला स्वतःला पतंगाची पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते. ढोलके आणि मुखवटा ही पिपाणीला व माकडाला दिलेली उत्तरे होती. पतंग कोणाला दिलेले उत्तर नाही. खालचा मुलगा हरून घरी गेला आणि बाहेर येऊन आपल्या आनंदासाठी पतंग उडवू लागला, असे मला ते दृश्य पाहताना वाटते. म्हणजे चढाओढ एकाने सोडून दिली आहे. वरच्या मुलाला नेमके हेच सहन होत नाही. तो समोरचा खेळत असताना हिणवत होता. समोरच्याने त्याच्याकडे पाहणेच सोडले तेव्हा त्याने बंदूक काढली. एखाद्या पटकथाकाराने हे संवादात लिहिले असते तर दोन पाने लागली असती.

आता कॅमेरा. चित्रपटात कॅमेरा ठेवण्याची जागा म्हणजे प्रेक्षकाला बसवण्याची जागा. रायबाबूंनी आपल्याला कोठे बसवले? श्रीमंत मुलाच्या खोलीत. गोष्ट तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते. गरीब मुलगा आपल्याला भेटतो तो प्रथम आवाजातून आणि मग खिडकीतून, उंचावरून, लहानसा. त्याच्या झोपडीच्या आत आपल्याला नेलेले नाही. तो आत जातो आणि काहीतरी घेऊन बाहेर येतो, एवढेच आपण पाहतो. आत त्याची आई आहे का, त्याने जेवण केले आहे का, काही कळत नाही. आपल्याला गरीब मुलाबद्दल वाईट वाटते हे खरे, पण बारा मिनिटे आपण वरच्या मुलाच्या खांद्यावरून पाहत असतो. पुष्कळ प्रेक्षक हे विसरतात आणि बाहेर येऊन म्हणतात, "किती दुष्ट मुलगा!" मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही असेच म्हणालो होतो.

कॅमेऱ्याच्या उंचीचाही अर्थ होतो. वरून खाली पाहिले की माणूस लहान दिसतो, खालून वर पाहिले की मोठा दिसतो. दिग्दर्शक हे नेहमी वापरतात. या चित्रपटात मात्र ती उंची कॅमेऱ्याची करामत म्हणून आलेली नाही. एकाचे घर माडीवर आहे, दुसऱ्याचे जमिनीवर, त्यामुळे ती आपोआप आली आहे. पतंग हा या रचनेतला हुकमी एक्का. तोपर्यंत वरचा मुलगाच वर होता. पतंग त्याच्याही वर जातो. पहिल्यांदाच त्याला मान उंच करून खालच्या मुलाची वस्तू पाहावी लागते.

चेहरे आणि वस्तू एकमेकांना कसे जोडले आहेत तेही पाहावे. यालाच संकलन म्हणतात. या चित्रपटाचे संकलन दुलाल दत्त यांचे आहे. त्यांनी रायबाबूंबरोबर 'पथेर पांचाली'पासून काम केले होते. येथील साधी वीण अशी आहे: आधी मुलाचा चेहरा, मग त्याला जे दिसते ते, मग पुन्हा चेहरा. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी १९२० च्या सुमारास याच विणीचा प्रयोग केला होता असे सांगतात. एका नटाचा शांत चेहरा त्यांनी कधी सुपाच्या भांड्याला जोडला, कधी शवपेटीला. चेहरा एकच, पण प्रेक्षकांना त्यात एकदा भूक दिसली आणि एकदा दुःख. 'टू'मधली मुले काही कसलेली नटमंडळी नाहीत. त्यांना चेहऱ्यावर मोठमोठे भाव आणावे लागलेले नाहीत. मुलगा फक्त पाहतो. मत्सर आपण भरतो, कारण त्याच्या आधी पतंग दाखवलेला असतो. घरी लहान मुलांना घेऊन नाटुकले किंवा मोबाइलवर छोटी फिल्म करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. मुलांना "रड", "राग आण" असे सांगण्यापेक्षा त्यांना काय दिसते आहे ते नीट दाखवा.

आणि आता ज्याच्यामुळे हा लेख सुरू झाला तो आवाज. चित्रपटाचे संगीत स्वतः रायबाबूंचे. १९६१ च्या 'तीन कन्या'पासून ते आपल्या चित्रपटांचे संगीत स्वतःच करू लागले होते. 'टू'मध्ये शब्द नाहीत, पण आवाजांची दोन कुळे आहेत. एका कुळात बासरी आणि ढोलके. ती श्वासाने आणि हाताने वाजतात, त्यामुळे वाजवणारा थकला की थांबतात. दुसऱ्या कुळात यंत्राची खेळणी. ती एकदा सुरू केली की कोणी ऐको न ऐको, वाजत राहतात. पिपाणी या दोन्हींच्या मध्ये आहे. ती फुंकावी लागते, पण तिच्यातून सूर निघत नाही, केवळ आवाज निघतो. हा फरक कोणी समजावून सांगत नाही, कानाला तो आपोआप कळतो.

जो आवाज ऐकू येतो पण ज्याचा उगम पडद्यावर दिसत नाही, त्याला फार शक्ती असते. दाराआडून कोणी हाक मारली की आपण कामातून उठतो, तसे ते असते. रायबाबूंनी हा उपाय दोनदा वापरला आहे. सुरुवातीला बासरी ऐकू येते तेव्हा मुलगा उठून खिडकीकडे जातो. शेवटी तीच बासरी ऐकू येते तेव्हा तो जात नाही, बसून राहतो. तोच आवाज, तीच खोली, तोच मुलगा. फक्त मधल्या आठ-दहा मिनिटांत काय घडले ते त्याला आणि आपल्याला ठाऊक आहे. एकच गोष्ट दोनदा दाखवून बदल मोजण्याची ही रीत आपल्या आजीच्या गोष्टींतही असते. राजाचा मुलगा त्याच विहिरीवर पुन्हा येतो, पण या वेळी त्याला तहान वेगळी असते.

शेवटच्या यंत्रमानवाबद्दल माझे मन अजून पक्के झालेले नाही. मनोरा पडणे हे जरा जास्तच सूचक आहे असे कधी वाटते. मुलाचा चेहरा आणि बासरी पुरेशी होती. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. यंत्रमानव त्या मुलानेच चालू करून सोडला होता. त्याचा आनंद साजरा करण्यासाठी सोडलेली वस्तूच त्याचे बांधलेले पाडते, आणि ती पाडताना तो तिला थांबवत नाही. काही समीक्षकांनी या चित्रपटात व्हिएतनामच्या युद्धाची छाया पाहिली आहे. तसे पाहता येते. हॉलमधल्या मुलांना त्याची गरज पडली नाही. त्यांच्या शाळेच्या मैदानात पुरेशी युद्धे होतात.

तुलनेसाठी आणखी एक लघुचित्रपट घ्यावा: आल्बेर लामोरीस यांचा फ्रेंच 'ल बालाँ रूज', म्हणजे 'लाल फुगा'. साल १९५६, लांबी ३४ मिनिटे. त्याला कान महोत्सवात लघुपटाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि पटकथेसाठी ऑस्करही. पॅरिसमधल्या एका एकट्या मुलाच्या मागे एक लाल फुगा मित्रासारखा फिरतो. मुलाचे काम दिग्दर्शकाच्या मुलानेच, पास्कालने, केले होते. त्यातही शेवटी दांडगी मुले त्या फुग्यावर दगड मारतात आणि तो मरतो. 'मरतो' हाच शब्द तेथे योग्य आहे. पण मग शहरभरचे फुगे धावून येतात आणि पास्कालला आकाशात घेऊन जातात. सुंदर शेवट आहे, डोळ्यांत पाणी येते. रायबाबूंनी मात्र फाटलेला पतंग पुन्हा जोडून दिला नाही. दुसरा पतंगही आणला नाही. त्या मुलाकडे जे पहिल्यापासून होते तेच शेवटी राहिले. मला हा शेवट अधिक कठीण आणि अधिक खरा वाटतो, पण हॉलमधल्या बहुतेक मुलांचे मत लाल फुग्याच्या बाजूने पडेल याची मला खात्री आहे.

एक दोषही सांगितला पाहिजे. गरीब मुलगा फारच निर्मळ आहे. त्याला राग येत नाही, तो दगड उचलत नाही. खरा मुलगा उचलता. बोधकथेत माणसे अशी सोपी करावी लागतात हे मान्य, पण आपण मुलांशी चर्चा करताना "गरीब तो चांगला, श्रीमंत तो वाईट" एवढ्यावर थांबू नये. श्रीमंत मुलगा एकटा आहे, हे रायबाबूंनी पहिल्या दोन मिनिटांत दाखवून ठेवले आहे. त्याच १९६४ साली आलेल्या त्यांच्या 'चारुलता'ची सुरुवातही मोठ्या घरात एकट्या पडलेल्या एका स्त्रीने होते. ती दुर्बीण घेऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे जात रस्त्यावरची माणसे पाहत राहते, आणि तिथेही बराच वेळ कोणी बोलत नाही. एकाच वर्षी त्या दिग्दर्शकाच्या मनात भरलेले घर, रिकामा वेळ आणि खिडकी या तीन गोष्टी घोळत असाव्यात.

'टू'ची प्रत अमेरिकेतील अकादमी फिल्म अर्काइव्हने जतन केली आहे आणि चित्रपट इंटरनेटवर पाहायला मिळतो. ज्यांना घरी किंवा गटात अभ्यास करायचा असेल त्यांनी तो तीनदा पाहावा. एकदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. आम्ही ते चुकून केले, तुम्ही मुद्दाम करा आणि कोठे गोष्ट कळेनाशी होते ते लिहून ठेवा. तिसऱ्यांदा डोळे मिटून नुसता ऐकावा. मग मुलांना विचारावे की खालच्या मुलाच्या बाजूने हीच गोष्ट सांगायची झाली तर कॅमेरा कोठे ठेवाल, पहिले दृश्य कोणते घ्याल, आणि पिपाणीचा आवाज झोपडीत कसा ऐकू येईल. उत्तरे कागदावर चित्रे काढून द्यायला सांगितली तर लहान मुलेही मागे राहत नाहीत.

आमच्या हॉलमध्ये "कोण जिंकले?" असा प्रश्न मी विचारला होता. दोन तट पडले आणि बराच गलका झाला. सहावीतला एक मुलगा तोपर्यंत गप्प होता. तो म्हणाला, "सर, त्या घराला जिना असेल ना? मग तो खाली का नाही गेला?" कोणाला आठवेना की त्या मुलाला आपण दारातून बाहेर पडताना पाहिले होते की नाही. घड्याळात साडेअकरा वाजत आले होते, आया न्यायला येऊन उभ्या होत्या. तरी आम्ही दिवे मालवले आणि चित्रपट आणखी एकदा लावला. या वेळी आयाही बसल्या.